लेकरांचे ऐकणारा मेंढपाळ : संत फ्रान्सिस झेवियर



आपल्या जिल्ह्यात धानाची मळणी आटोपत येते, वैनगंगेच्या काठी पहाटेचा गारठा वाढतो आणि आगमनकाळाची मेणबत्ती पेटते, त्याच सुमारास ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण येतो. त्यांचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांसमोर गोव्यातील बॉम जेझू महामंदिर येते, हजारो बाप्तिस्मे आणि चमत्कार आठवतात. या वर्षी मात्र या संताच्या जीवनाची एक कमी ऐकलेली बाजू आम्ही आपल्यासमोर मांडणार आहोत. आपल्याच घरात, आपल्याच माणसाच्या हातून दुर्बळांवर अन्याय झाला, तेव्हा फ्रान्सिस यांनी काय केले? त्यांचे कोठे बरोबर ठरले आणि कोठे चुकले?

हा विषय आम्ही का निवडला ते प्रथम सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका दुसऱ्या धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक माऊली आपल्या मुलाला घेऊन ओसरीवर आली. मुलगा वसतिगृहात परत जायला तयार नव्हता. का, ते सांगत नव्हता. नुसता खाली मान घालून उभा होता. आम्ही त्या माऊलीला धीर धरायला सांगितले, बाहेर वाच्यता करू नका म्हणून बजावले, आणि चौकशी करतो असे आश्वासन दिले. पुढे नाताळची तयारी आली, परीक्षा आल्या. चौकशी राहून गेली. मुलाने शाळा सोडली. त्याच्या मनात काय होते ते आम्हांला आजही ठाऊक नाही, कारण आम्ही त्याला विचारलेच नाही. फ्रान्सिस यांचे चरित्र वाचताना एका पानावर आम्हांला तो मुलगा पुन्हा दिसला. ते पान पुढे येईलच.

तटबंदी गमावलेले घर

फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी आजच्या स्पेनमधील नवार प्रांतात, झेवियर नावाच्या गढीत झाला. घराणे मानाचे, वडील राजदरबारी मोठ्या अधिकारावर. परंतु १५१२ साली कॅस्टिलच्या सैन्याने नवारचे राज्य जिंकले. १५१५ साली वडील वारले आणि पुढच्याच वर्षी विजेत्यांच्या हुकमावरून गढीची तटबंदी पाडण्यात आली. तेव्हा फ्रान्सिस दहा वर्षांचे होते. बळवंताच्या हुकमापुढे घर कसे उघडे पडते, हे या मुलाने लहानपणीच पाहिले.

१५२५ साली ते पॅरिसला शिकायला गेले. तेथे पदवी घेऊन त्यांनी अ‍ॅरिस्टॉटलचे तत्त्वज्ञान शिकवलेही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला ज्या ग्रंथकाराने घाम फोडला, तोच हा! बुद्धी होती, रूप होते, महत्त्वाकांक्षा होती. पण त्याच खोलीत पीटर फाबर आणि पुढे लोयोलाचे इग्नेशियस राहायला आले. सुरुवातीला फ्रान्सिस यांना इग्नेशियस आवडत नसत. हळूहळू मन पालटले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी माँमार्त्रच्या टेकडीवर सात मित्रांनी व्रते घेतली. २४ जून १५३७ रोजी व्हेनिस येथे फ्रान्सिस यांना गुरुदीक्षा मिळाली. १५४० साली पोप तिसरे पॉल यांनी येशूसंघाला मान्यता दिली.

हिंदुस्थानात जाण्यासाठी निवड झाली होती ती बोबादिया या सोबत्याची. तो आजारी पडला म्हणून फ्रान्सिस निघाले. ७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी लिस्बन सोडले आणि १३ महिन्यांनी, ६ मे १५४२ रोजी ते गोव्याला उतरले. पोपचे विशेष प्रतिनिधी म्हणून अधिकारपत्रे त्यांच्याजवळ होती. त्यांनी ती बिशप जुआंव द आल्बुकर्क यांच्यापुढे ठेवली आणि आपण त्यांच्या संमतीशिवाय त्यांचा वापर करणार नाही असे कळवले. मग ते इस्पितळात राहायला गेले. कैद्यांना भेटत, महारोग्यांकडे जात, आणि हातात घंटा घेऊन मुलांना व गुलामांना धर्मशिक्षणासाठी गोळा करत. अधिकार खिशात होता. पाय मात्र रस्त्यावर होते.

मोत्यांचा किनारा

त्याच वर्षी फ्रान्सिस दक्षिणेला तमिळ किनाऱ्यावर गेले. तेथे परवर समाजाचे लोक समुद्रात बुड्या मारून मोत्यांचे शिंपले काढत. आपल्याकडे बोड्या-तलावांत आणि वैनगंगेत जाळे टाकणारा ढिवर बांधव पाण्यावर जगतो, तसेच हे लोक समुद्रावर जगत. काही वर्षांपूर्वी त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता आणि त्या बदल्यात पोर्तुगिजांचे संरक्षण मागितले होते. धर्मशिक्षण त्यांना कोणी फारसे दिले नव्हते. फ्रान्सिस यांनी प्रार्थना तमिळमध्ये करवून घेतल्या, स्वतः पाठ केल्या आणि गावोगावी शिकवल्या.

येथे त्यांना एक कटू सत्य कळले. जे रक्षणासाठी आले होते तेच लुबाडत होते. तुतिकोरिनकडील पोर्तुगीज कप्तान कोस्मे द पायव्हा आपल्या पदाचा उपयोग स्वतःच्या धंद्यासाठी करून किनाऱ्यावरील गरिबांना लुटतो, अशी फ्रान्सिस यांची तक्रार होती. कप्तान ख्रिस्ती, राजाही ख्रिस्ती. बाहेर बोभाटा झाला तर धर्माची बदनामी होईल, म्हणून गप्प बसावे असे कोणालाही वाटले असते.

फ्रान्सिस गप्प बसले नाहीत. १५४४ साली शत्रूच्या स्वारांनी किनाऱ्यावर हल्ला केला, लोक पळून समुद्रातील खडकांवर जाऊन बसले, तेव्हा ते अन्न-पाणी भरलेल्या वीस होड्या घेऊन मदतीला निघाले. काही महिन्यांनी त्याच कप्तानावर संकट कोसळले. हल्लेखोरांनी त्याचे जहाज व घर जाळले. फ्रान्सिस यांनी आपला सहकारी मान्सिल्यास याला तातडीने कळवले की सर्व कामे बाजूला ठेवून कप्तानाच्या मदतीला होड्या घेऊन जावे. जीव वाचवताना त्यांनी त्याचा गुन्हा मोजला नाही. पण जीव वाचला म्हणून गुन्हाही पुसला नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांनी मान्सिल्यासला पुन्हा लिहिले, की त्या माणसाने किनाऱ्यावर केलेल्या लुटीचे ओझे आपल्या विवेकावरून उतरवावे यासाठी त्याला मदत कर.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. २० जानेवारी १५४५ रोजी कोचीनहून त्यांनी थेट पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याला पत्र धाडले. महसुलात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला राजा कडक शिक्षा करतो, मग देवाच्या लेकरांना छळणाऱ्याला का नाही, हा प्रश्न न्यायाच्या दिवशी राजाला विचारला जाईल, असा त्या पत्राचा आशय होता. पुढे १५४८ साली त्यांनी याहून स्पष्ट लिहिले. वरिष्ठाला जबाबदार धरल्याशिवाय खालचा सुधारत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

क्षमा आणि न्याय या दोन गोष्टींची आपण अनेकदा गल्लत करतो. न्याय मागणारा माणूस क्षमाशील नाही, असे आपल्याला वाटते. फ्रान्सिस यांनी कप्तानाला होडी पाठवली आणि त्याच्याविषयी तक्रारही केली. दोन्ही प्रेमापोटी केले.

गोव्यातील कॉलेज

आता ते पान. गोव्यात सेंट पॉल कॉलेज होते. १५४१ साली सुरू झालेली ही संस्था इथल्या मुलांसाठीच काढलेली होती. कोकणी, मल्याळी, मलायी, आफ्रिकन अशी नाना भाषांची मुले तेथे शिकत आणि त्यांतून पुढे धर्मगुरू व धर्मशिक्षक घडावेत अशी आशा होती.

१५४८ साली पोर्तुगालहून फादर अंतोनियो गोमेश आले आणि या कॉलेजचे रेक्टर झाले. मोठे विद्वान, घरचे श्रीमंत, आणि प्रवचनकार तर असे की गोव्यातील बडी मंडळी त्यांच्यावर लुब्ध झाली. पण त्यांना इथल्या मुलांची किंमत नव्हती. युरोपातील कॉलेजची कडक शिस्त त्यांनी या लेकरांवर लादली. मुले इतकी घाबरली की काही जण भिंतीवरून उडी मारून पळून गेले.

हे फ्रान्सिस यांना कळले नव्हते असे नाही. हा माणूस या जागेसाठी योग्य नाही, हे त्यांनी जाणले होते. गोमेश यांना गोव्याबाहेर पाठवावे असे त्यांच्या मनात होते. परंतु गोमेश यांच्या मागे वजनदार लोक होते. फ्रान्सिस यांना जपानला जाण्याची ओढ लागली होती, जहाजाची वेळ जवळ आली होती. शेवटी तडजोड झाली. गोमेश यांच्याकडे कॉलेज राहिले, बाहेरचा कारभार फादर पॉल यांच्याकडे दिला. एप्रिल १५४९ मध्ये फ्रान्सिस जपानच्या वाटेला लागले.

त्यांची पाठ फिरली आणि गोमेश यांनी सर्व सूत्रे हाती घेतली. इथल्या मुलांना त्यांनी कॉलेजमधून काढून टाकले आणि त्यांच्या जागी पोर्तुगीज तरुण घेतले. ज्यांच्यासाठी घर बांधले, तेच घराबाहेर!

बंधुभगिनींनो, येथे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. आज अत्याचार या शब्दाने आपल्या मनात जे प्रथम येते, तसा आरोप गोमेश यांच्यावर नव्हता. त्यांचा दोष अधिकाराच्या गैरवापराचा होता. पण दोन्हींचे मूळ एकच असते. एकाच्या हाती सत्ता, दुसऱ्याच्या तोंडाला कुलूप, आणि तिसरा, ज्याला ठाऊक आहे, तो घाईत. त्या तडजोडीत रेक्टरचा मान राखला गेला, दुसऱ्या फादरांचा राखला गेला, मोठ्या लोकांचाही राखला गेला. भिंतीवरून उडी मारणाऱ्या मुलाला मात्र कोणी काही विचारले नाही. संताच्या हातूनही हे घडले, आणि त्याची किंमत मुलांनी मोजली. आमच्या ओसरीवर मान खाली घालून उभा असलेला मुलगा आम्हांला याच पानावर दिसला.

जपानहून परत

जपानमधील कार्य करून परतताना मलाक्का येथे फ्रान्सिस यांना कळले की येशूसंघाचा हिंदुस्थान हा स्वतंत्र प्रांत झाला असून आपण त्याचे पहिले प्रोव्हिन्शियल आहोत. जानेवारी १५५२ मध्ये ते कोचीनला उतरले. तेथे दुसरी तक्रार वाट पाहत होती. गोमेश यांनी तेथील एका बंधुसंघाचे चर्च आपल्या संस्थेसाठी ताब्यात घेतले होते आणि गावात असंतोष धुमसत होता.

फ्रान्सिस यांच्यापुढे दोन मार्ग होते. ही चूक माझ्या गैरहजेरीत झाली, असे सांगून ते मोकळे होऊ शकले असते. त्यांनी तसे केले नाही. बंधुसंघाच्या लोकांना त्यांनी एकत्र बोलावले, त्यांच्यासमोर गुडघे टेकून आपल्या संस्थेच्या वतीने क्षमा मागितली आणि चर्चच्या किल्ल्या परत दिल्या. तेव्हा ते लोक इतके हेलावले की त्यांनी ते चर्च आपणहून येशूसंघाला दिले. हिसकावून घेतल्याने जे टिकले नसते, ते नम्रतेने मिळाले. पण क्रम ध्यानात घ्यावा. आधी क्षमायाचना व परतफेड झाली, समेट नंतर आला. आपण पुष्कळदा समेट आधी मागतो आणि परतफेडीचे नावही काढत नाही.

फेब्रुवारीत ते गोव्याला पोहोचले. इथल्या मुलांसाठी त्यांनी कॉलेजचे दार पुन्हा उघडले. गोमेश यांना पदावरून दूर करून दीवला पाठवले आणि येशूसंघातून मुक्त करण्याचा आदेश दिला. वक्तृत्व, विद्वत्ता, मोठ्या लोकांचा पाठिंबा, यांपैकी काहीही आड येऊ दिले नाही. पुढे युरोपला परतताना जहाज फुटून गोमेश यांचा अंत झाला. त्यांच्या आत्म्याला देव शांती देवो. चुकलेल्यासाठीही आपण प्रार्थना करतो. मात्र चुकलेल्याच्या हाती पुन्हा लेकरे देत नाही.

नवे रेक्टर म्हणून फ्रान्सिस यांनी फादर गास्पर बार्झेउस यांना नेमले आणि निघण्यापूर्वी त्यांच्यासाठी सविस्तर लेखी सूचना ठेवल्या. स्त्रियांशी आध्यात्मिक संभाषण कसे करावे, याविषयी त्यांनी लिहिले की ते चर्चमध्ये, सर्वांना दिसेल अशा जागी व्हावे. साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही सूचना आजही जशीच्या तशी लागू आहे. असा नियम कोणावर संशय घेण्यासाठी नसतो. तो दोघांच्याही रक्षणासाठी असतो.

चरित्रातील सावली

संताचे चरित्र सांगताना सावली झाकावी, असे आम्हांला वाटत नाही. १५४६ साली आंबोन बेटावरून फ्रान्सिस यांनी राजाला लिहिले की गोव्यातील ख्रिस्ती लोकांचे आचरण बिघडले आहे, तेथे इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय स्थापन करावे. त्यांच्या मृत्यूनंतर, १५६० साली, ते स्थापन झाले आणि मधला थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत चालले. त्याने असंख्य लोकांना भयाच्या छायेत ठेवले. ते सारे फ्रान्सिस यांनी पाहिले नाही. पण मागणी त्यांची होती, हे नाकारता येत नाही.

मग त्यांच्या दोन उपायांत फरक कोणता? गोव्याच्या कॉलेजात त्यांनी बळवंताला जबाबदार धरले आणि दुर्बळाला दार उघडले. इन्क्विझिशनने बंद दाराआड चौकशी केली आणि बळवंताच्याच हाती आणखी बळ दिले. संकटात प्रत्येक पुढाऱ्याला कठोर व्हावे लागते. पण कठोरता वर वळते की खाली, यावरून ती न्याय आहे की भय, हे ठरते. दोन्ही गोष्टी एकाच पवित्र माणसाच्या हातून झाल्या. म्हणून पवित्रता हे अचूकतेचे प्रमाणपत्र नव्हे. धर्मगुरूलाही नियम हवा, तपासणी हवी, प्रश्न विचारणारे लोक हवेत.

सांशियान बेटावर

एप्रिल १५५२ मध्ये फ्रान्सिस चीनकडे निघाले. मलाक्काचा कप्तान दों आल्वारो द आताइदे याने त्यांची मोहीम अडवली. तेव्हा पोपच्या प्रतिनिधीचा जो अधिकार त्यांनी दहा वर्षे बाहेर काढला नव्हता, तो प्रथमच उघड केला. उपयोग झाला नाही. मोजक्या सोबत्यांसह ते चीनच्या किनाऱ्यालगतच्या सांशियान बेटावर पोहोचले. पलीकडे नेण्याचे कबूल केलेला व्यापारी आलाच नाही. थंडी वाढली, ताप चढला, आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी एका झोपडीत त्यांनी देह ठेवला. वय अवघे ४६.

त्या वेळी त्यांच्या उशाशी कोण होते? अंतोनियो नावाचा एक चिनी तरुण. शेवटच्या क्षणी त्याने फ्रान्सिस यांच्या हाती मेणबत्ती दिली आणि त्यांच्या अखेरच्या घटका कशा गेल्या, ते जगाला सांगितले. हा अंतोनियो शिकला होता गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात! ज्या कॉलेजातून इथल्या लेकरांना हाकलून दिले होते, तेथलाच एक आशियाई विद्यार्थी संताच्या मृत्यूचा साक्षीदार झाला. १५५४ साली त्यांचा देह गोव्यात आणण्यात आला. १२ मार्च १६२२ रोजी त्यांना संतपद जाहीर झाले.

आपल्यासाठी

आज आपल्याकडे फ्रान्सिस यांच्या काळात नसलेली साधने आहेत. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळेल, त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. धर्मगुरू, सिस्टर, शिक्षक, शेजारी, कोणीही याला अपवाद नाही. न कळवणे हाच गुन्हा आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली काढलेल्या आणि २०२३ साली कायम केलेल्या आदेशानुसार धर्मगुरू व व्रतस्थांनी अशी माहिती ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांनाही कळवणे आवश्यक आहे, आणि प्रकरण दडपणारे बिशपही जबाबदार ठरतात. पापनिवेदनाची गुप्तता अभंग आहे. परंतु ओसरीवर, ऑफिसात किंवा वाटेत सांगितलेली गोष्ट ही पापनिवेदन नव्हे. ती गुप्ततेच्या नावाखाली दडवता येणार नाही.

म्हणून आम्ही आपल्याला सांगतो. आपले मूल वसतिगृहात, शिकवणीला, धर्मशिक्षणाला किंवा आमच्याकडे यायलाही अचानक नाही म्हणू लागले, तर त्याला रागावू नका. जवळ बसवा, विचारा, आणि ते सांगेल त्यावर विश्वास ठेवा. १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक घरातील भिंतीवर लिहून ठेवा. आमच्याकडे या, पण पोलिसांकडे जाण्यासाठी आमच्या परवानगीची वाट पाहू नका. आणि तक्रार आमच्याविषयीच असेल, तर आम्हांला वगळून थेट पोलिसांकडे आणि बिशपमहोदयांकडे जा. धर्माची बदनामी तक्रारीने होत नाही. ती दडपल्याने होते.

त्या माऊलीची क्षमा मागायला आम्हांला उशीर झाला. फ्रान्सिस यांनाही तीन वर्षे उशीर झाला होता. पण परत आल्यावर त्यांनी गुडघे टेकले, किल्ल्या परत केल्या आणि दार उघडले. त्या मुलाचा शोध घेण्याचे आम्ही ठरवले आहे. आमच्यासाठी प्रार्थना करा.

हे प्रभू येशू, तू लेकरांना जवळ घेतलेस. तुझ्या मेंढपाळांना ऐकणारे कान, वेळेवर उठणारे पाय आणि बळवंतापुढे न झुकणारे मन दे. ज्यांना तुझ्या घरात दुखापत झाली, त्यांना बरे कर. आमेन.

संत फ्रान्सिस झेवियर, आम्हांसाठी विनंती कर.